हसली तर हसली

—थांबा, गिरनीच्या घरघरीत मला नीट ऐकू आलं नसंल, परत एकदा बोला. रुपाली लोनावळ्याला दिसली. बरं. तुमच्या नंदेनं बघितली. बरं. भाजलेलं कनीस खात व्हती आनि — काय? — हसत व्हती. मग? मग काय झालं, रतनवहिनी? न्हाई, तुमी सांगा ना, मला खरंच कळत न्हाई. चार महिन्यांत त्या घरात कोन हसलं न्हाई, रविवारी हसलं, त्याचा एवढा बोभाटा? "आमी दवाखान्याला वर्गनी दिली ती काय कनसं खायला" — आसं म्हनली व्हय तुमची नंद? तिनं किती दिली? न्हाई ना दिली? मग झालं तर.

तुमी दिली. व्हय, दिली की, मी कुटं न्हाई म्हनते? माझ्याच हातात दिली. आख्ख्या वराळ्यानं दिली, तळेगावच्या सोसायट्यांतनं आली, ज्यांची तोंडं मी कदी बघितली न्हाईत त्यांनी पाठवली. लोक वाईट न्हाईत हो, तेच तर — वाईट आसते तर मी शिव्या घालून मोकळी झाले आस्ते. पन एकदा दिलं की त्या बाईनं साडी कंची नेसायची, पोरीला दप्तर नवं घ्यायचं का जुनं, ते समदं आमाला इचारून? परवा एक जन हितंच उभा ऱ्हाऊन इचारतो, रुपालीच्या नवऱ्याकडं, महिपतीकडं अजून टीवी चालू हाय का म्हनून. चालू हाय बाबा! दिवसभर खुर्चीत बसलेला मानूस दुसरं काय करनार? भिंतीकडं बघनार?

तुमाला वरवर ठाव हाय, मी समदं बघितलंय. महिपती नवलाख उंबरे गावाला कंपनीत वेल्डर, ठेकेदाराकडनं. पस्तिशीचा गडी, सिलिंडर एकटा खांद्यावर घ्यायचा. सोमवारी सकाळी चहाचा कप हातातनं सुटला. रुपाली वरडली त्याला, अजून बोलून दाखवती ते, कपासाठी वरडले म्हनती. दुपारी पायरी चढंना. सांजच्याला उठून उभा ऱ्हाईना. दवाखान्यात नेला तर डाक्टर म्हनलं, नसांचा आजार हाय, पायापासनं वर चढतो, छातीपतुर आला की श्वास थांबतो. बुधवारी चढला की छातीत. श्वासाच्या मशीनवर टाकला. एका दिवसाला पाच बाटल्या विंजेक्शनाच्या, आसं पाच दिवस, आनि एकेका बाटलीची किंमत आयकून मी त्या मेडिकलवाल्याला दोनदा इचारलं, दादा, ही एकीची का समद्यांची?

ठेकेदार? त्याचं नाव काढू नका. मी आनि रुपाली गेटावर दोन तास उभ्या. विम्याचं कार्ड कुटं हाय म्हनलं, तर म्हनतो, पुढल्या म्हैन्यात निघनारच व्हतं. तीन वर्सं झाली, त्याचा पुढला म्हैना काय आला न्हाई. सरकारी योजनेत जेवढं बसलं तेवढं बसलं, त्यात पन आज हा कागद न्हाई, उद्या त्या कागदावरचं नाव जुळत न्हाई. मानूस तिकडं मशीनवर आनि मी हिकडं झेरॉक्सच्या दुकानात. रुपाली तर पार दगड झालती. सही कर म्हनलं की करायची, जेव म्हनलं की ताटाकडं बघत बसायची. तिची सृष्टी माझ्याकडं. सात वर्सांची पोर, ती एकदा पन रडली न्हाई, त्याचंच मला जास्त भ्या वाटायचं.

मग मीच फिरले. मी न्हाई तर कोन? भिंतीला भिंत हाय आमची, लगीन होऊन आली तवापासनं मावशी म्हनती मला. गिरन बंद ठेवली आनि दारोदार हिंडले. दोन दिवसांच्या बाटल्या झाल्या, आनि मग — आटलं. लोक फोन उचलंनात. कुनीतरी म्हनलं, इडिओ टाका, नुसत्या चिठ्ठीनं काय व्हत न्हाई, लोकांना दिसलं पायजे. रुपाली न्हाईच म्हनली. "मावशी, त्यांना न्हाई आवडायचं." मी म्हनलं, आगं, आवडायला मानूस जित्ता तर ऱ्हायला पायजे! — लय जोरात बोलले मी. दवाखान्याच्या जिन्यात, लोकांसमोर. ती खाली बघत बसली. ते मी हो समजले.

तुमी बघितलाच आसंल. समद्यांनीच बघितला. रुपालीनं हात जोडल्यात, मागं महिपती, तोंडात नळी, नाकात नळी. आनि आला पैसा! दोन दिवसांत आला. बाटल्या पुऱ्या झाल्या. डाक्टरच म्हनलं, वेळेत झालं म्हनून वाचला. मग मी काय वाईट केलं? तुमीच सांगा. वाचला ना? चाळीस दिवसांनी घरी आला, आता वॉकर धरून अंगनापतुर येतो. रविवारी पयल्यांदा घराभायेर पडला, बेगडेवाडीपतुर रिक्षा, तितनं लोकलनं लोनावळा, त्या पोरीनं हट्ट केला म्हनून. जिन्यावर दोघांनी उचलून धरला आसंल. त्यांना एक कनीस न्हाई खाऊ द्यायचं?

लोनावळ्याचं मला कुनी सांगितलं? भिंतीपल्याडनं आयकू आलं. मला रुपालीनं न्हाई सांगितलं — ती बोलत न्हाई माझ्याशी. — व्हय. दोन म्हैने झाले. कुनाला सांगितलं न्हाई मी. महिपतीला कुनीतरी दाखवला तो इडिओ, चांगलं वाटंल म्हनून, बघ किती लोकांनी बघितला तुला. तवापासनं त्यानं माझं नावच टाकलं. मला राग आला, का न्हाई येनार? पाय झिजवले मी! मनात म्हनलं, ज्याच्यासाठी केलं तोच —

आता तोंडावर आलंच हाय तर आयका. काल दुपारी मी गेले. धपाटी घेतली व्हती. रुपालीनं दार उघडलं, आत सरकली, या न्हाई म्हनली, जा बी न्हाई म्हनली. महिपती खुर्चीत. आवाज अजून बारीकच निघतो त्याचा. मी म्हनलं, महिपती, माझं काय चुकलं ते तरी सांग बाबा. 

कसं हाय वहिनी, इडिओ काढला तवा दवाखान्यात, मशीनच्या खोलीत दहाच मिन्टं सोडायचे. फोन लपवून नेलता. चादर गळ्यापतुर व्हती त्याच्या, नुसतं तोंड दिसत व्हतं, झोपल्यावानी. त्यात काय कळनार लोकांना? म्हनून मी — मीच ओढली ती खाली. पार खाली, कमरेच्या. नळ्या दिसाव्यात, छाती दिसावी, ती लघवीची पिशवी बी दिसावी. अंगावर कापडं नसत्यात तितं. रुपालीची पाठ व्हती, तिला म्हाईतच न्हाई. त्याचं डोळं उघडंच व्हतं, पन मला वाटलं, ह्याला काय कळतंय? बोट हलत न्हाई, पापनी हलत न्हाई.

काल म्हनतो, "मावशी, मला समदं कळत व्हतं. हलता येत नव्हतं, एवढंच."

मग म्हनला, "तुमी वाचिवलं मला. पन इडिओ झाल्यावर चादर परत वर ओढायची व्हती."

न्हाई ओढली मी. इडिओ टाकायच्या घाईत तशीच आले.

...

दळनाचा डबा ठेवा तुमचा तितं. सांजच्याला न्या. आता जावा तुमी, वहिनी. जावा.