सुशांतचा पहिला फोन

सकाळी साडेदहाला वाकोल्यातल्या हाडांच्या दवाखान्यात पाचवा नंबर आत गेला. तेजलचा अकरावा होता. तिच्या एका बाजूला स्वतःचा दुखरा खांदा धरून मालन बसली होती, दुसऱ्या बाजूला मालनची शेजारीण शांताबाई. दोघींचं बोलणं तेजलच्या डोक्यावरून चाललं होतं.

“पोचला का गं सुशांत आफ्रिकेत?”

“परवाच. संस्थेतर्फे वर्षभर तिथल्या मुलांना फुकट शिकवणार आहे.”

“मग, काय म्हणतो?”

“फोनवर रडला. म्हणे, आई, काय गरिबी आहे गं इथे! बायका पहाटे चारला उठतात, हंडे भरून चढ चढतात.”

“आणि आपण काय करतो?”

“तेच.”

“त्याला कधी दिसलं नाही?”

“झोपलेला असायचा ना. अभ्यास करून दमायचा. मी दिवासुद्धा लावायचे नाही.”

“झकास! मग आता सांगितलंस?”

“काय सांगू? म्हणतो, मला हे बघवत नाही, परत येऊ का? आज संध्याकाळपर्यंत सांगायचंय.”

“ये म्हण. इथलं बघ म्हणावं.”

“आणि मग इथून कुठे जाईल?”

आतून सहावा नंबर पुकारला. मालन उठली.

“डॉक्टरांनी विचारलं, जड उचलता का, तर या वेळी तरी नाही म्हणू नकोस.”

“बघू. हा फोन धर जरा.”

मालन बाहेर येईपर्यंत सुशांतचे दोन कॉल येऊन गेले होते. शांताबाईने एकही उचलला नव्हता.