चार वर्षं चोवीसच

...आन् वर लोक मलाच म्हणतात, "आप्पा, तुम्ही फसवलंत!" आता तुम्हीच सांगा, मी शिरूरचा कापडवाला, लग्नं जमवतो फुकट... का? तर जमलेल्या लग्नाचा बस्ता माझ्या दुकानात बांधावा, एवढीच आशा! स्थळं वहीत मावंनात, म्हणून व्हिडिओ बघून बघून कॉम्प्युटरात डेटाबेस केला. नाव, गाव, शिक्षण, वय... वयाचा रकाना केला आन् तिथंच शेण खाल्लं!

पाबळच्या हौसरावांची हर्षदा. चार वर्षांमागं नाव घातलं तवा चोवीस, आजबी चोवीस! कॉम्प्युटर काय वाढदिवस करतो व्हय? परवा तिच्या धाकट्या बहिणीचं, अंकिताचं नाव घातलं. वय सव्वीस. झालं! धाकटी झाली थोरली! आन् नेमक्या दौंडच्या मुक्ताबाई पोराला, विश्वजीतला घेऊन हर्षदाला बघायला दुकानात हजर, हौसरावबी लेकीला घेऊन आलेले. स्क्रीनकडं बघून म्हणतात कशा, "अगं बया! थोरली घरात ठेवून धाकटीला उजवता? थोरलीत काय खोट हाय?" हौसराव लालबुंद... निघालेच चपला घालून! माझा बस्ता चालला की हो!

कारेगावची माझी भाची मोनिका कंपनीत कॉम्प्युटरवर असते. हौसरावांना दारातच थांबवून तिला फोन लावला. ती निवांत म्हणते, "मामा, हिशोबानं निघणारा आकडा साठवू नये. जन्मतारीख साठवा. वय ज्या घडीला विचारलं, त्या घडीला काढायचं."

निघणारा आकडा साठवू नये! व्हय बाई! रकाना उडवला, तारखा घातल्या. हर्षदा अठ्ठावीस, अंकिता सव्वीस. जुळलं!

तर मुक्ताबाई कडाडल्या, "चार वर्षं लपवली!"

म्हटलं, "काकू, पोराची तारीख सांगा."

पोरानंच सांगितली. पाच वर्षांमागं माझ्याकडंच घातलेले एकोणतीसचे झाले चौतीस! म्हंजी बघा, आपापला शिळा आकडा दोघांनाबी ठाऊक, आन् दोघंबी मुकाट! म्हणून म्हणतो, निघणारा आकडा साठवू नये...

तवर हर्षदा सावकाश बोलली, "चौतीस व्हय? मग ठीकाय. एकोणतिसाच्या मानानं केस लईच गेलेत, म्हणून मी न्हाईच म्हणणार होते."

विश्वजीत हसला, काकू हसल्या, हौसरावांनी चपला काढल्या. साखरपुडा ठरला, बस्ता माझ्याकडंच!

मग आता रडगाणं कशाला, म्हणाल? अहो, तवापासनं माझ्याकडं सगळ्यांची वयं बिनचूक निघतात ना! तिकडं दौंडात एक बाई वहीत स्थळं लिहितात. त्यांच्या वहीत कुणाचंच वय वाढत न्हाई... अख्खी गर्दी आता तिकडं!