मैदानातली माती

अलकाबाईंना लोकांचं बोलणं ऐकायची खोड नव्हती. पण सिल्वासात खानवेलच्या बसला उशीर झाला होता, आणि रांगेत मागे उभे असलेले कारखान्यातले दोघे काही हळू बोलत नव्हते.

"दाजी, मशीन बसवायला जपानी साहेब आलाय ना, त्याला तुमच्या टीव्ही गेमचं सांगितलं."

"बेसबॉलच्या कॅसेटचं? रोज मीच जिंकतो, हे सांगितलं का?"

"तुम्ही रोज हरता, दाजी."

"काय बोलतो, लखन! शेवटी माझी पोरं वाकून मैदानातली माती पिशवीत भरतात. खुशीनं रडतात."

"तिकडं शाळांची मोठी स्पर्धा असते. हरलेली पोरं तिथली माती घरी नेतात."

"मग पडद्यावर लिहायचं ना तसं!"

"लिहिलंय की. जपानीत."

"दोन वर्षं जिंकलो म्हणून तुझ्या बहिणीकडून चहा उकळतोय मी."

"तिला सांगू नका."

"पण साक्री सोडताना आम्हीपण शेतातली माती बांधून आणली. मला वाटलं, चांगलं असतं."

"असेल."

"मग जिंकलेले का नाही नेत?"

"त्यांना कशाला लागेल, दाजी? त्यांना मैदान सोडून कुठं जायचंय?"