कायदा गेटबाहेर उभा

...नाही, मी म्हणतो, पाय मोडला तो मोडलाच ना? मग तो गेटच्या आत मोडला काय नि बाहेर मोडला काय! पण नाही! आमच्या सोसायटीतले ते दातांचे डॉक्टर, आवारात गाडी अशी पिटाळायचे की पोरं भिंतीला चिकटून चालायची, आणि त्या दिवशी माझी थोरली बहीण, शिवणकाम करते, कपड्यांचं गाठोडं घेऊन गेटपाशी पोचते न पोचते तोच धाडकन! ताई आडवी! हवालदार आला, टेप लावून मोजतोय, मोजतोय... आणि म्हणतो कसा, "ताई, तुमचं डोकं रस्त्यावर आहे, पण पाय आत. आणि लागलंय पायाला. आतली जागा खाजगी, तिथे आमचा कायदा चालत नाही." म्हणजे डोकं फुटलं असतं तर केस झाली असती! कायदा गेटबाहेर उभा!

मी म्हटलं, ताई, सोडून दे. ती सोडतेय होय! प्लास्टरसकट आमदारांच्या दारात! ते बाहेर निघाले, ही बसलेली. परत आले, ही बसलेलीच. त्यांच्या शिपायाच्या शर्टाची बटणं लावून झाली, ड्रायव्हरची पँट उसवली होती ती शिवून झाली... शेवटी आमदारांनीच हात जोडले, "बाई, हवंय तरी काय तुम्हाला?" ताई म्हणाली, "कायदा गेटबाहेर उभा आहे. त्याला आत घ्या."

आणि घेतला हो! खरंच घेतला! 'जागा खाजगी असली तरी जिथे लोकांची ये-जा आहे तिथे...' पेपरात वाचलं नि अंगावर काटा आला! एवढं मोठं सभागृह, एवढी मोठी माणसं, आणि त्या ओळीत माझ्या बहिणीचा पाय आहे, तुम्हाला सांगतो! अजून लंगडते ती... डोळे भरून आले माझे.

कायदा लागू झाला त्या दिवशी ताईसाठी फुलं घेतली, स्कूटर काढली, आनंदात सुसाट आलो, तसाच गेटमधून आत वळलो, आणि समोर कोण? दातांचे डॉक्टर! पायी! बिचारे उडी मारून थेट कुंडीत! आणि गेटवर हवालदार तोच! टेप काढतोय!

मी ओरडलो, "अहो, मी आत होतो, आत!"

"आता आतही चालतं," म्हणाला.

गेटपाशीच ताई उभी होती, मी तिच्याकडे बघितलं. पाठची बहीण नव्हे, थोरली, आईच्या जागी! तिने खाली पडलेली फुलं उचलली, झटकली आणि शांतपणे म्हणाली, "साहेब, जोरात होता. मी पाहिलंय."

लायसन्स जमा! बाई आहे की कोण आहे! आता कायदा आवारात ऐटीत फिरतो, आणि गेटबाहेर उभा... मी. बसची वाट बघत!