दादाचा निरोप

तुम्ही मला व्याकरणाचा किडा म्हणता ना, तर त्या किड्याने काय केलं ते ऐका. वडिलांची स्कूटर दादाने मला न विचारता विकली, म्हणून आमचा दोन वर्षं अबोला होता. तरी त्याची मुलगी सई दहावीच्या इंग्रजीसाठी नारायण पेठेतून माझ्याकडे कर्वेनगरला यायची.

एका शुक्रवारी आम्ही इनडायरेक्ट स्पीच करत होतो. मध्येच ती म्हणाली, "काका, बाबांनी निरोप दिलाय. रविवारी जेवायला ये म्हणालेत."

"इंग्रजीत सांग."

"बाबा सेड दॅट ही वॉन्ट्स यू टु कम."

"सेड म्हटल्यावर वॉन्ट्स कसं? वॉन्टेड. पाच वेळा लिही."

तिने लिहिलं. निघताना चपला घालत विचारलं, "मग बाबांना काय सांगू?"

"सांग, काका म्हणाले वाक्य चुकलं होतं."

दादा ते ऐकून हसला म्हणे. "मास्तर नरमलाय, येईल," म्हणाला.

मला जायचं होतं हो. फक्त त्याने स्वतः एक फोन करावा, एवढंच वाटत होतं. रविवारी दिवसभर मी फोनजवळ बसून राहिलो.

पुढच्या महिन्यात दादा गेला. तेराव्याला वहिनी मला वाढता वाढता म्हणाल्या, "भाऊजी, त्या रविवारी हे तीन वाजेपर्यंत जेवले नाहीत. मी ताट वाढते म्हटलं, तर म्हणाले, थांब जरा, तो नेहमी उशिराच येतो."