दोन बैठकांची मोटार

(खामगाव. कापसाच्या जिनामागचं घर, दुपारची वेळ. माजघरातल्या बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, कातड्याचे रंगीत तुकडे मांडलेले.)

तानुबाई : उचल आधी ते. उचल म्हणते ना! देवघरासमोर ढोराचं कातडं मांडून बसला.

हिंमतराव : अक्का, हे विलायतेहून आलं आहे. कमावलेलं कातडं आहे. हात लावून तर बघ, किती मऊ.

तानुबाई : विलायतेतलं ढोर काय तुळस खाऊन मरते? मले इथवर वास येऊन राह्यला. अन् मनकर्णे, तू काऊन हात लावून राह्यली त्याले? आता आंघोळ करा लागन तुले.

मनकर्णाबाई : करीन, अक्काबाई. भरदुपारी जीन सोडून घरात आले, मले हाक मारली यायनं. पाहू तर द्या काय म्हणतात ते.

हिंमतराव : म्हणणं एवढंच, की नव्या मोटारीत बसायची जी गादी आहे, तिला कोणता रंग घ्यावा ते तू सांगायचं. हे सगळे नमुने कंपनीनं पाठवले आहेत. माझ्या होकारासाठी काम थांबलं आहे मुंबईला.

मनकर्णाबाई : मी सांगू?

हिंमतराव : तूच. तुझ्यासारखी रंगाची नजर या खामगावात दुसऱ्या कोणाची नाही.

तानुबाई : माय माय! भावा, ताप तर नाही ना तुले?

मनकर्णाबाई : नजर हाय म्हणता. मंग मी पाहून आणलेला कोट तुमी गड्याले देऊन टाकला, तो?

हिंमतराव : तो मळखाऊ होता. मळखाऊ रंग मुनिमाला शोभतो, मला नाही. मागच्या हिवाळ्यात मी कौन्सिलाच्या कामानं नागपूरला गेलो होतो ना, तिथं पाहिली अशी मोटार. ही इतरांच्या डब्यांसारखी नव्हे, शर्यतीची आहे. लांब नाक, जमिनीला लागून चालते, वर छप्पर नाही.

तानुबाई : छप्परच नाही? आपल्या बैलाच्या दमणीले बी टप हाय रे. वैशाखात फुफाटा उडते, जिनाचा कापूस उडते, तो काय वरच्यावर झेलशीन?

हिंमतराव : वऱ्हाडात अशी दुसरी नाही, अक्का. कमिशनरसाहेबाकडेसुद्धा नाही.

तानुबाई : त्याले अक्कल असन.

मनकर्णाबाई : बाहेरून कोणता रंग घेऊन राह्यले?

हिंमतराव : हिरवा. तो ठरला. कंपनीच्या पुठ्ठ्यावर चार हिरवे होते, एकही पसंत पडला नाही.

तानुबाई : कोणाले?

हिंमतराव : मला. आणखी कोणाला? म्हणून वेगळा नमुना पाठवायचा आहे. त्याच्यासारखा हुबेहूब रंग घोटून देतो म्हणतात ते.

मनकर्णाबाई : हिरव्यात लाल नको, पोळ्याच्या बैलासारखं दिसन. निळं नको. हा... हा मोतिया पाहा. जवारीचा कोवळा दाणा चिमटला की दूध येते, तसा हाय. बाहेर हिरवं पान अन् आत हे. हेच घ्या.

हिंमतराव : वा! मी म्हटलं नव्हतं?

मनकर्णाबाई : किती लोकं बसतात तिच्यात?

हिंमतराव : दोन.

तानुबाई : दोन? मांजराच्या पिलावानी दोन? मी कुठं बसू? सणाले पोरी आल्या का त्या कुठं बसतीन?

हिंमतराव : मागं जागा नाही. मागं फक्त जादाचं चाक असतं.

तानुबाई : चाकाले जागा हाय, बहिणीले नाही.

हिंमतराव : शर्यतीची मोटार अशीच असते, अक्का. एक मी, चालवायला. दुसरी बैठक मालकिणीची.

मनकर्णाबाई : म्हंजे मी? तुमच्या बाजूनं? भर बाजारातून?

हिंमतराव : दिवाळी झाली की मोटार येते. पहिली फेरी तुझी. तुला घेऊन थेट नांदुऱ्याला.

मनकर्णाबाई : ऐकलं का, अक्काबाई? लग्न झाल्यापासून आपण दमणीत पडद्याच्या आत, अन् हे पुढं घोड्यावर. वाटनं मी यायचा फेटाच पाहात आली. तोंड पाहाले घरी या लागे. मंग मोतियाच घ्या. मी ते पिकल्या आंब्याच्या रंगाचं लुगडं नेसीन.

तानुबाई : थांब वो बाई जराशी. हिंमत, नांदुऱ्यात काय हाय? तिथं आपलं ना सोयरं, ना देव.

हिंमतराव : काम आहे. एका प्रतिष्ठित कुटुंबाशी आपला संबंध जुळावा, असा विचार आहे.

तानुबाई : झालं. हा असा पुस्तकावानी बोलाले लागला की समजावं, कायतरी लपवून राह्यला. लहान होता तवा बी, लोणच्याची बरणी फोडली की असाच बोले.

मनकर्णाबाई : राहू द्या ना, अक्काबाई. मले तो हिरवा दाखवा. मोतियासंग लावून पाहाले पाहिजे, नाही तर ऊन पडल्यावर वेगळाच दिसन. नमुना कुठं हाय?

हिंमतराव : तो बांधून ठेवला. कशाला आता?

मनकर्णाबाई : हा ना, तुमच्या खिशात? या कागदात?

हिंमतराव : अगं, हळू! काच आहे.

मनकर्णाबाई : काच? ...बांगडी हाय ही तर.

हिंमतराव : तुझीच आहे. कोनाड्यातून उचलली मी.

मनकर्णाबाई : माझी नाही वाटत. पण रंग किती गोड हाय! आतून सोन्याची रेघ बी हाय. चला, घालून पाहू.

हिंमतराव : घालू नकोस!

मनकर्णाबाई : माझीच म्हणता ना? मंग... जात नाही. अंगठ्याच्या सांध्यावर अडकली. अक्काबाई, ही सव्वादोनची हाय. मले अडीचची लागते, अन् ती बी सुगराबी मनियारीण माझा पंजा पिठावानी मळते तवा चढते. ही माझी कशी असन?

तानुबाई : माझे हात तर कधीचे उघडे. पोरी आपल्या सासरी. मंग हा सव्वादोनचा हात कोणाचा बे, हिंमत्या?

हिंमतराव : हळू बोल, अक्का. ओसरीवर गडी बसले आहेत.

तानुबाई : ऐकू दे गड्यायले. कोणाचा हात?

हिंमतराव : ...उत्तमरावांच्या कोकिळेचा.

मनकर्णाबाई : कोणती कोकिळा?

हिंमतराव : नांदुऱ्याच्या उत्तमरावांची.

मनकर्णाबाई : आपल्या पोरीसंग, वच्छीसंग, अकोल्याच्या शाळेत होती ते कोकिळा? वच्छीच्या लग्नात आठ दिवस इथं राह्यली ते? तिची वेणी मी घालून देली हो! याच बंगईवर बसवून. तुमाले काका म्हणे ते.

हिंमतराव : तेव्हा म्हणायची. आता जाणती झाली आहे. हे बघ, शांतपणे विचार कर. तीन मुली झाल्या, त्या आपापल्या घरी गेल्या. जीन कोणाच्या हाती द्यायचं? तुझ्या मानाला धक्का लागणार नाही. किल्ल्या तुझ्याच कमरेला राहतील.

मनकर्णाबाई : बांगडी कशी आली तुमच्याजवळ?

हिंमतराव : मी रंगाचा पुठ्ठा नेला होता दाखवायला. तिला एकही हिरवा आवडला नाही. तिनं हातातली काढून दिली, म्हणाली असा पाहिजे.

मनकर्णाबाई : अन् मंग मले आतला रंग कायले विचारला?

हिंमतराव : तुला वाईट वाटू नये म्हणून! बाहेरचा रंग तिचा, आतला तुझा. दोघींचंही मन राखलं मी. किती पुरुष करतात एवढं?

तानुबाई : थू! थू तुह्या तोंडावर. ते ढोराचं कातडं बरं, त्याले घासलं तर वास जाते.

हिंमतराव : अक्का, तू मध्ये पडू नकोस.

मनकर्णाबाई : पडू द्या. मले अजून एक विचारायचं हाय. मंग नांदुऱ्याले पहिली फेरी माझी कशी काय?

हिंमतराव : उत्तमराव जुन्या चालीचे आहेत. त्यांची अट आहे. थोरलीनं स्वतः त्यांच्या दारी यावं, चार माणसांत मुलीला कुंकू लावावं, ओटी भरावी, तरच ते अक्षता टाकू देतील. थोरली राजी नाही त्या घरी ते मुलगी देत नाहीत. म्हणून म्हटलं, तुला मानानं न्यावं, नव्या मोटारीतून. सकाळी तू ओटी भरायची, दुपारी लग्न, संध्याकाळी परत.

मनकर्णाबाई : परत कशी? बैठका तर दोनच.

हिंमतराव : म्हणजे... येताना नवरी नवऱ्याशेजारी बसते. ती रीतच आहे. तू रेल्वेनं ये. सेकंड क्लासनं. नांदुऱ्याहून जलंब, जलंबला गाडी बदलली की खामगाव. सोबत गडी देतो.

मनकर्णाबाई : जाताना मी, येताना ते पोरगी. बैठक तीच.

हिंमतराव : तू उगाच वाकड्यात शिरते आहेस.

तानुबाई : मनकर्णे, माहं ऐक. आमचा बाप बी असाच होता. माह्या मायले म्हणे, दमणीच्या बैलायसाठी झूल शिव, तुह्यासारखं भरतकाम कोणाले येत नाही. माय फुलून गेली. आरसे लावले, कवड्या लावल्या, डोळे फुटस्तोवर शिवली. मी सुईत दोरा ओवून देत होती. अन् तेच झूल घालून दमणी गेली, अन् याच्या मायले घेऊन आली. माह्या मायनं दारातच त्या बैलायचे पाय धुतले.

हिंमतराव : मग? ती आली म्हणून मी झालो. मी झालो म्हणून हे घर राहिलं, हे जीन उभं राहिलं. तूही याच घरात राहतेस.

तानुबाई : हाव, राहते. तुही माय बाळंतपणात गेली तवा तुले माह्याच मायनं वाढवलं. तिच्या ताटात तू जेवला, तिच्या पायावर न्हाला. पण मरेस्तोवर तिनं सुई हातात धरली नाही. फाटलं लुगडं बी मी शिवून देत होती. तुले कधी दिसलं नाही ते. तुले रंग दिसतात फक्त.

मनकर्णाबाई : अक्काबाई, जरा खोबरेल देता का? हात सुजून राह्यला.

हिंमतराव : तोडू नको हं! एकच आहे. आणि हिरवी काच, लग्नाआधी वाढली तर अपशकुन होईल.

मनकर्णाबाई : तोडत नाही. पोरीची बांगडी माझ्या हातून वाढणार नाही. तिनं काय केलं? तिले रंग विचारला, तिनं हातातली काढून देली. मले विचारला, तर मी बी मोतिया सांगून बसली. लुगडं कोणतं नेसू, ते बी सांगून बसली.

तानुबाई : घे, तेल. सांध्यावर चोळ. हळू... वळव जराशी.

मनकर्णाबाई : ...निघाली.

हिंमतराव : दे इकडे. टपाल निघायची वेळ झाली.

मनकर्णाबाई : हे मुंबईले जात नाही. सुगराबी उद्या नांदुऱ्याच्या बाजाराले बांगड्या घेऊन जाते. उत्तमरावाच्या घरच्या बायकायले तेच बांगड्या भरते. तिच्या हाती जिची तिले परत जाईन.

हिंमतराव : परत? काय म्हणून?

मनकर्णाबाई : म्हणून, की खामगावची थोरली राजी नाही. कुंकू लावाले येत नाही.

हिंमतराव : येत नाही म्हंजे? तुले इचारून नाही राह्यलो मी!

मनकर्णाबाई : रंग तर विचारला.

हिंमतराव : मनकर्णे, मी सांगीन तुई तब्येत ठीक नाही. पलंगावर हाय म्हणीन.

तानुबाई : सांग ना. सुगराबी बी सांगन, कालच चुडा भरला म्हणून. मनियारणीनं हात दाबलेला माणूस जिता हाय का मेला, तिले बरोबर समजते.

हिंमतराव : लोकं हसतीन मले. सारं ठरलं हाय तिथं.

मनकर्णाबाई : हसू द्या. छप्पर नसलेल्या मोटारीत बसता, लोकं तर पाहतीनच. मी घर सोडून जात नाही, तुमचं जेवण चुकवत नाही. पोरी सणाले येतीन, वच्छी येईन. तिले मी तोंड दाखवू शकीन एवढंच करून राह्यली. त्या पोरीची वेणी घातली मी. तिची ओटी माझ्या हातून तुमच्यासाठी भरल्या जाणार नाही.

हिंमतराव : अक्का, तू तरी सांग हिले.

तानुबाई : मी काय सांगू? मी बंगई धुवाले बसली. उचल तुहे तुकडे.

हिंमतराव : अन् मोटार? ते तर आता फिरवता येत नाही. मुंबईवाल्यायले आज कळवाच लागते. बाहेरून काय लिहू?

मनकर्णाबाई : पुठ्ठ्यावर चार हिरवे हायत ना? त्यातला कोणताबी.

हिंमतराव : अन् आतून? मोतियाच लिहू?

मनकर्णाबाई : नाही. मळखाऊ लिहा.