सोमवारचं मौन आणि बदकाचा पाय

मौनव्रतात मी एकदा चक्क ओरडले होते! आम्ही तेव्हा जयपूरला, रेल्वे क्वार्टरमध्ये. संक्रांतीच्या मांजाने लेकीच्या बदकाचा पाय कापला. सोमवार होता, दिवेलागणीपर्यंत माझं मौन. खुणेनेच हळद दाखवली. यांनी ती लावून पट्टी बांधली, पण फार करकचून. मी हातांनी सैल करायला सांगत होते, तर हे आणखी आवळत होते! केशरी पंजा निळा पडायला लागला, तशी मी ओरडलेच, "अहो, सोडा ती! पाय जाईल त्याचा!"

पट्टी सैल झाली, पंजाचा रंग परतला. लेक रडवेली झाली. "आई, मतलब तुझं व्रत मोडलं?"

"मोडू दे गं. देव समजून घेईल."

यांनी मात्र स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं आणि दिवे लागेपर्यंत माझं उरलेलं मौन पाळलं.